अर्ध्या तिकिटाचा माणूस

त्र्यंबकेश्वरला रेल्वे नाही. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी रूळ कधी आलेच नाहीत. तरी या गावाचं गणित दीडशे वर्षांहून अधिक काळ रेल्वेशी बांधलेलं आहे. मुंबईहून, भुसावळहून, पार उत्तरेकडून माणसं नाशिक रोडला उतरतात आणि तिथून रस्त्याने सुमारे चाळीस किलोमीटर येतात. कडेवर एक मूल, बोटाला दुसरं, काखेत पिशवी. कुशावर्तावर ओल्या कपड्यांत कुडकुडणारी लहान पोरं हे आमच्या गावातलं नेहमीचं दृश्य आहे.

मी याच गावचा. बायको आणि दोन मुलांना घेऊन मी युरोपात रेल्वेने फिरून आलो, तेव्हापासून ओळखीतली तरुण जोडपी मला प्रवासाचे बेत विचारतात. आल्प्स कसे दिसतात हे नंतर. पहिला प्रश्न ठरलेला असतो : मुलांचं तिकीट किती पडतं?

प्रश्न अगदी रास्त आहे. चौघांची चार पूर्ण तिकिटं लागली तर बहुतेक मराठी घरांतला परदेश प्रवास कागदावरच संपतो. पण या प्रश्नाचं उत्तर कुठल्या टूर कंपनीने शोधलेलं नाही. ते जवळजवळ एकशे ऐंशी वर्षांपूर्वीच्या एका कायद्यात आहे, आणि त्या कायद्यामागे एक अपघात आहे.

उघड्या डब्यातली माणसं

२४ डिसेंबर १८४१ च्या पहाटे लंडनहून ब्रिस्टलकडे निघालेली एक मालगाडी रेडिंगजवळ सॉनिंग इथे कोसळलेल्या दरडीवर आदळली. गाडीला तिसऱ्या वर्गाचे डबे होते. डबे म्हणजे खरं तर छप्पर नसलेल्या, बुटक्या कडांच्या उघड्या गाड्या. त्यात नाताळसाठी घरी निघालेले गवंडी बसले होते. धक्क्याने माणसं बाहेर फेकली गेली, मागचा माल अंगावर आला. आठ जण जागीच गेले.

तोवर रेल्वे कंपन्यांना गरीब प्रवासी नकोसाच होता. त्याला मालाबरोबर, भलत्या वेळी, उन्हापावसात नेलं जाई. सॉनिंगनंतर ओरड झाली, चौकशी झाली, आणि १८४४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला. तेव्हाचे व्यापारमंत्री विल्यम ग्लॅडस्टन यांनी तो पुढे रेटला. कायद्याने कंपन्यांना सांगितलं : रोज दोन्ही दिशांना निदान एक गाडी अशी सोडा, जिच्यात तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला छप्पर आणि बसायला जागा असेल, तिचा सरासरी वेग ताशी बारा मैलांच्या खाली जाणार नाही आणि भाडं मैलाला एक पेनीपेक्षा जास्त नसेल. सोबत ५६ पौंड, म्हणजे सुमारे २५ किलो, सामान फुकट.

त्याच कलमात मुलंही आली. तीन वर्षांखालचं मूल फुकट. तीन ते बारा वर्षांचं अर्ध्या भाड्यात.

ही ओळ साधी दिसते, पण तिने फार मोठं काम केलं. मजूर एकटा कामावर जातो तेव्हा त्याला स्वस्त भाडं पुरतं. बायको आणि तीन पोरं घेऊन तो आईला भेटायला निघतो तेव्हा ते पुरत नाही. कायद्याने मान्य केलं की गरीब माणसालाही कुटुंब असतं आणि त्या कुटुंबालाही कुठे जायचं असतं. मूल म्हणजे सामान नाही, तो प्रवासी आहे. फक्त अर्धा.

घाट खुला झाला

मुंबई–ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली हे शाळेत पाठ असतं. आमच्या भागासाठी महत्त्वाचं साल १८६५. त्या वर्षी १ जानेवारीला कसारा-इगतपुरीचा थळ घाट रेल्वेला खुला झाला आणि मुंबईचा माणूस बैलगाडीशिवाय नाशिकला येऊ लागला. ७ मार्च १८७० ला मुंबई ते अलाहाबाद हा मार्ग पूर्ण जोडला गेला, तिथून पुढे कलकत्त्यापर्यंत रूळ होतेच. याच रस्त्याच्या बातमीने ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतला फिलिअस फॉग ऐंशी दिवसांत जगाला वळसा घालायला निघाला. इकडे मात्र त्या मार्गाने गोदावरी गंगेला जोडली. त्र्यंबक आणि काशी ही दोन ज्योतिर्लिंगं एका तिकिटाच्या अंतरावर आली.

गाड्या भरल्या त्या तिसऱ्या वर्गाने. मूठभर साहेब पहिल्या वर्गात, बाकी देश लाकडी बाकांवर. यात्रेच्या दिवसांत तर माणसं कोंबली जात. महात्मा गांधींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या हालांवर जाहीर पत्र लिहिलं, तेव्हाही घाण, गर्दी आणि उद्धटपणा जागच्या जागी होता. पण त्याच डब्याने आणखी एक गोष्ट केली. पायी यात्रेत घरातली लहान मुलं आणि त्यांच्यासाठी थांबणाऱ्या बाया बहुतेकदा मागे राहत. रेल्वेने अख्खं घर निघू शकलं.

त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या आहेत. यजमान आला की त्याचं गाव, कूळ, बापाचं, आजाचं नाव लिहायचं, आणि मुलांची नावंही. वहीत मुलाचं नाव अर्धं लिहीत नाहीत. तिकीट अर्धं असलं तरी यात्रेची नोंद पूर्ण होते.

रमाबाई आणि मनोरमा

यात्रेवरून परदेशाकडे जाताना मला एक मायलेकींची जोडी दिसते. पंडिता रमाबाईंचं बालपण तीर्थयात्रेतच गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबकबिला घेऊन वर्षानुवर्षं देशभर हिंडले, पुराणं सांगत. दुष्काळात आईवडील गेले, तरी रमाबाई आणि त्यांचा भाऊ हजारो मैल पायी चालत राहिले. ज्या वयात आजचं मूल खिडकीसाठी भांडतं, त्या वयात या मुलीने देश पायाने मोजला.

पुढे त्या विधवा झाल्या. पदरात मुलगी, मनोरमा. तिचा जन्म एप्रिल १८८१ चा. इंग्लंडला शिकायला जायचं तर पैसे हवेत. १८८२ मध्ये छापलेल्या ‘स्त्री धर्मनीति’ या स्वतःच्याच पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी वाटखर्च उभा केला आणि एप्रिल १८८३ मध्ये दोन वर्षांच्या लेकीला घेऊन बोटीत बसल्या. मुलांना घेऊन कमी पैशांत परदेश गाठण्याचं मला माहीत असलेलं हे सर्वांत जुनं मराठी उदाहरण.

त्या उतरल्या वाँटेजला, सेंट मेरीज या मठाच्या भगिनींकडे. गंमत म्हणजे वाँटेजलाही नाशिकसारखीच अडचण होती. मुख्य मार्गावरचं स्टेशन, वाँटेज रोड, गावापासून चार किलोमीटर लांब. म्हणून १८७५ पासून स्टेशन ते गाव ट्राम चाले. आमच्याकडेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाशिक रोड ते नाशिक अशी घोड्यांची ट्राम आली. ‘रोड’ लागलेलं स्टेशन म्हणजे पुढे आणखी पायपीट, हे दोन्हीकडचं सूत्र.

१८४४ च्या हिशोबाने मनोरमा इंग्लंडमध्ये फुकट प्रवासी होती, कारण तीन वर्षं पुरी व्हायची होती. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी मायलेकी अमेरिकेला निघाल्या तेव्हा ती पाचव्या वर्षात होती, म्हणजे अर्ध्या तिकिटाची झालेली. ११ मार्चला फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या. पुढे रमाबाईंनी अमेरिका पालथी घातली आणि १८८९ मध्ये त्या देशावर मराठीत प्रवासवृत्त छापलं. एका बाईने, लेकरू घेऊन, हे केलं. स्वस्त वर्ग नसता तर पुस्तकविक्रीवर उभा राहिलेला तो प्रवास किती पुढे गेला असता?

फाळके एकटे गेले

आता आमच्या गावचा माणूस. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७० चा. मुंबई-अलाहाबाद मार्ग पूर्ण झाल्यावर पावणेदोन महिन्यांनी. १ फेब्रुवारी १९१२ ला ते लंडनला निघाले, विमा पॉलिसी गहाण ठेवून काढलेल्या कर्जावर. सिनेमाचं तंत्र शिकायचं, कॅमेरा घ्यायचा. सोबत कोणी नाही. सरस्वतीबाई मुलांसह मुंबईत. दोन महिन्यांनी ते परतले, आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. रोहिदास झाला होता त्यांचा मुलगा भालचंद्र.

१९१४ मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, आपली चित्रं दाखवायला. बायकामुलांना घेऊन जो मोठा प्रवास झाला तो काशीचा, कंपनीशी बिनसल्यावर. म्हणजे भारतीय सिनेमा ज्या घराने उभा केला, ज्या घरातल्या बाईने फिल्म धुतली, भोकं पाडली, कंपनीतल्या माणसांचा स्वयंपाक केला, त्या घरासाठी लंडन एका माणसाचं होतं आणि काशी सगळ्यांची. त्याला कारणं अनेक असतील. पण एक साधं कारण समोर दिसतं : तिसऱ्या वर्गाने अख्खं घर काशीला जाऊ शकत होतं. लंडनच्या बोटीचा तसा हिशोब कर्जावर निघालेल्या घराला जमणारा नव्हता.

आज हिशोब कसा बसतो

विमानाने मुंबई ते युरोप हा टप्पा आजही महागच आहे. बाळ मांडीवर असेल, दोन वर्षांखालचं, तर सवलत खरी, त्यानंतर जवळजवळ पूर्ण भाडं. पण एकदा तिकडे उतरलात की १८४४ पुन्हा भेटतं. बिगरयुरोपीय प्रवाशांसाठी १९५९ पासून असलेल्या युरेल पासवर आज एका मोठ्या माणसामागे चार ते अकरा वर्षांची दोन मुलं फुकट जातात. चारखालच्यांना पासच लागत नाही. स्वित्झर्लंडमध्ये पासधारक आईबापांबरोबर सहा ते पंधरा वर्षांची मुलं फॅमिली कार्डावर फुकट फिरतात. तिथल्या काही दुमजली गाड्यांत वरच्या मजल्यावर घसरगुंडी असलेला डबाही आहे. आमच्या धाकट्याने इंटरलाकेनचे डोंगर पाहिले नाहीत, घसरगुंडी पाहिली.

दोन गोष्टी खर्च वाढवतात. फ्रान्स, इटली, स्पेनच्या वेगवान गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे लागतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडच्या बहुतेक दिवसाच्या गाड्यांत लागत नाहीत. म्हणून आम्ही तिथेच फिरलो. दुसरी गोष्ट जेवण. त्यावर उपाय आपल्या आज्यांनी नाशिक रोडच्या फलाटावर केव्हाच शोधलेला आहे : दशम्या, चटणी, पाण्याची बाटली.

शेंगेन व्हिसाच्या खिडकीवरही तीच रेघ आहे. मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, सहाखालच्यांना काही नाही.

आपल्याकडे ही रेघ सरकली. एप्रिल २०१६ पासून पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं. अर्धं तिकीट आहे, पण जागेविना. रात्रभराच्या प्रवासात याचा अर्थ आईच्या पायाशी मुटकुळं करून झोपणं. रेल्वेचा तोटा, बर्थची टंचाई, सगळी कारणं समजतात. पण अर्ध्या तिकिटाची मूळ कल्पना मूल किती जागा व्यापतं ही नव्हतीच. गरिबाचं घर एकत्र निघू शकावं, ही होती. सहलीला कोण जाणार आणि घरी कोण थांबणार, हे अजूनही भाड्याच्या तक्त्यातली एक ओळ ठरवते. पुढच्या वेळी मुलांचं तिकीट काढताना ती ओळ वाचा.