सूत्राचा विलय : बाहुलीपटातील काळोख आणि त्याची वाङ्मयीन मुळे

बाहुलीचे हलणे हे भारतीय विचारपरंपरेत हलवणाऱ्याच्या अस्तित्वाचे द्योतक मानले गेले आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायातील एकसष्टाव्या श्लोकावर भाष्य करताना शंकराचार्य यंत्रावर आरूढ झालेल्या लाकडी पुरुषांचा दृष्टान्त योजतात. तेथे बाहुलीचे पारतंत्र्य हेच ईश्वराच्या कर्तृत्वाचे प्रमाण ठरते. नाटकातील 'सूत्रधार' हा मुळात बाहुल्यांची दोरी धरणारा होता, असे रिचर्ड पिशेल याने १९०० मध्ये प्रतिपादिले. ही उपपत्ती वादग्रस्त राहिली, तरी तिच्यामागील कल्पना मराठी मनाला परकी नव्हती. परेच्छेने वागणाऱ्या माणसाला मराठीत आजही 'कळसूत्री बाहुली' म्हणतात.

महाराष्ट्रातील प्रयोगपरंपरांतही हलवणारा कधी लोप पावत नाही. १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर करणाऱ्या विष्णुदास भावे यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. पुढे रामदास पाध्ये यांनी त्यांना पुन्हा रंगमंचावर आणले. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या जपल्या. तेथे खेळ चालवणाऱ्याचा आवाज हा संहितेचाच भाग असतो. पालघर जिल्ह्यात मनोरहून विक्रमगडमार्गे पूर्वेला चढत गेल्यावर लागणाऱ्या जव्हार-मोखाडा भागातील बोहाड्यात दोरीही नसते. देव-दैत्यांचे मुखवटे धारण करून माणसेच रात्री नाचतात. निर्जीव चेहऱ्याला जिवंत देह उसना मिळतो. या सर्व रूपांत भय असते, परंतु ते अनाथ नसते. सोंगामागे कोणीतरी आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते.

स्टॉप मोशन या तंत्राने हा करार मोडला. वस्तू किंचित सरकवायची, एक चौकट टिपायची, हात बाजूला घ्यायचा, पुन्हा सरकवायची. हलवणाऱ्याचे सारे श्रम दोन चौकटींमधल्या अदृश्य फटीत गडप होतात आणि पडद्यावर वस्तू आपणहून हलते. मराठी भूमीत हा शोध लवकर पोचला होता. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याची वाढ चौकटीचौकटीने टिपली आणि पुढे 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट केला. त्याचे शीर्षकच बोलके आहे. जादूचे प्रयोगही करणाऱ्या फाळक्यांना स्वयंचलित काडीत विस्मय दिसला, विभीषिका दिसली नाही. आपले चमत्कृतीचे सामर्थ्य त्यांनी पौराणिक चित्रपटांतील दैवी लीलांकडे वळवले. सूत्र अदृश्य झाले, पण त्याची जागा देवाने घेतली.

युरोपात तीच रिकामी जागा साहित्याने व्यापली. व्लादिस्लाव स्तारेविच याने १९१२ मध्ये मेलेल्या कीटकांची शरीरे हलवून दांपत्यजीवनातील प्रतारणेची उपहासिका रचली. शवाचे सचेतन होणे हा या प्रकाराचा आरंभबिंदूच ठरला. यान श्वांकमायर याने १९८० मध्ये पो याच्या 'अशर' कथेवर केलेल्या लघुपटात एकही नट नाही. निवेदन ऐकू येते आणि माती, मुळे, खुर्च्या हलतात. पात्रांचे मन वस्तूंत उतरते. क्वे बंधूंचा 'स्ट्रीट ऑफ क्रोकोडाइल्स' (१९८६) हा ब्रुनो शुल्झ या पोलिश-ज्यू कथाकारावर आधारलेला आहे. शुल्झच्या कथांतील पिता शिंप्याकडच्या पुतळ्यांविषयी प्रवचन करतो आणि जडद्रव्यालाही वेदना असतात असे सुचवतो. १९४२ मध्ये गेस्टापोच्या माणसाने शुल्झला भर रस्त्यात गोळी घातली. माणसाला वस्तू ठरवणाऱ्या राजवटीने त्याच्या चिंतनाला भीषण भाष्य जोडले. क्वेंच्या चित्रपटारंभी एक वृद्ध माणूस बाहुलीची दोरी कापतो. ती मुक्त होते, पण ज्या जगात ती शिरते तेथे स्क्रूही आपोआप फिरतात आणि कर्ता कोठेच सापडत नाही. उलट यिर्झी त्रन्का याच्या 'हात' (१९६५) या लघुपटात एक प्रचंड हात कुंभाराला पिंजऱ्यात घालून त्याच्या अंगाला दोऱ्या बांधतो. तेथे सूत्राचे पुनरागमन हीच सत्तेची खूण होय.

या पार्श्वभूमीवर मराठीतील विसंगती तीव्रतेने जाणवते. बाहुली होती, तंत्र होते आणि काळोखाचे साहित्यही होते. पिंगुळीच्या परिसरातील कुडाळात चिं. त्र्यं. खानोलकरांच्या उमेदीचा काळ गेला. त्यांची 'कोंडुरा' (१९६६) ही कादंबरी श्याम बेनेगल यांनी १९७८ मध्ये पडद्यावर आणली, ती नटांकरवी. जी. ए. कुलकर्णी यांच्या 'काजळमाया'तील (१९७२) नियतीचा खेळही बाहुलीपर्यंत पोचला नाही. आपली परंपरा या तंत्राला प्रतिकूल होती, हे स्पष्टीकरण टिकत नाही. किहाचिरो कावामोतो १९६३ मध्ये त्रन्काकडे शिकायला गेला आणि परतल्यावर 'ओनी' (१९७२) मध्ये त्याने जपानी कथासंग्रहातील राक्षसी मातेची कथा बुनराकू बाहुल्यांच्या संस्कारातूनच घडवली. पुढे मुंबईत सुरेश एरियत यांच्या 'टोकरी'ने (२०१७) मातीच्या बाहुल्यांचे तंत्र येथे सिद्ध केले. त्याचा भाव मात्र कोवळ्या करुणेचा आहे.

भेद काळोखाच्या स्वरूपात शोधावा लागतो. शुल्झच्या जगात सूत्र तुटलेले आहे. द्रव्य कोणाच्याही इच्छेवाचून तळमळते. जी.एं.च्या आणि खानोलकरांच्या जगात सूत्र तुटत नाही. ते माणसाच्या मनगटाला बांधलेले असते, ओढले जाते, मात्र त्याचे दुसरे टोक अंधारात नाहीसे होते. शंकराचार्यांच्या दृष्टान्तातील ईश्वर येथे निरुत्तर झालेला आहे. म्हणूनच क्वेंचे अनुकरण करून मराठी बाहुलीपट संभवणार नाही. त्याला दोरी कापून चालणार नाही. ती स्पष्ट दाखवावी लागेल आणि ती धरणारा हात चौकटीबाहेर, कोणत्याही चौकटीत न सापडणारा, ठेवावा लागेल. पिंगुळीच्या बाहुल्या आणि 'काजळमाया' यांच्यामधले हे अंतर तंत्राने भरून निघणारे नाही. दोन्हींकडे एकाच वेळी संहिता म्हणून पाहणारी वाचनपद्धती मराठी समीक्षेने अद्याप घडवलेली नाही, आणि ते काम बाहुलीकाराआधी समीक्षेचे आहे.