28 गोळ्यांच्या बाटलीची कुळकथा

सोफोस्बुव्हिरची बाटली दिसायला अगदी साधी. पांढरं प्लास्टिक, आत 28 गोळ्या, रोज एक घ्यायची. बारामतीच्या एसटी स्टँडवरून इंदापूरकडे निघालेल्या माणसाच्या पिशवीत ती भाजीखालीही मावेल. तिला बर्फ लागत नाही, सुई लागत नाही. जोडीला डाक्लाटास्व्हिरची रोज एक गोळी. बारा आठवडे हे औषध नेमाने घेतलं की हिपॅटायटिस सीच्या शंभरातल्या नव्वदाहून अधिक रुग्णांच्या रक्तातून विषाणू कायमचा जातो. या बाटलीमागे मात्र जवळपास चाळीस वर्षांची खटपट आहे.

सुरुवात झाली ती निनावी आजारापासून. अमेरिकेत हार्वे आल्टर रक्त घेतलेल्या रुग्णांचा मागोवा घेत होते. 1975 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की यातल्या अनेकांची कावीळ ए विषाणूची नाही आणि बी विषाणूचीही नाही. तिसऱ्याचा पत्ता लागायला 1989 उजाडलं. कायरॉन कंपनीत मायकेल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी विषाणूचा जनुकीय तुकडा हुडकला, आणि रक्तपेढ्यांच्या हाती चाचणी आली. पुढे चार्ल्स राइस यांनी हा विषाणू एकटाच रोग घडवतो हे सिद्ध केलं. आल्टर, हॉटन आणि राइस यांना 2020 चं नोबेल मिळालं.

औषध मात्र विषाणूचं नाव कळायच्या आधीच सुरू झालं होतं. इंटरफेरॉन लंडनमध्ये 1957 साली आयझॅक्स आणि लिंडेनमान यांना सापडलं. शरीर स्वतःच बनवतं असं हे प्रथिन. 1986 मध्ये ते या अनोळखी काविळीवर वापरून पाहिलं गेलं, 1991 मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. आठवड्याला तीन इंजेक्शनं, आणि बरे होणारे थोडेच. 1998 मध्ये रिबाव्हिरिनच्या गोळ्यांची जोड मिळाली. 2001 च्या सुमाराला पेगिलेटेड इंटरफेरॉन आलं, म्हणून इंजेक्शन आठवड्याला एकावर आलं. तरी कोर्स 24 ते 48 आठवड्यांचा, आणि विषाणूचा जनुकप्रकार 1 असलेल्यांत निम्म्याच्या आसपास यश.

हा उपचार मोठ्या शहरातच मिळायचा, आणि इंदापूर ते पुणे साधारण 140 किलोमीटर. इंजेक्शन 2 ते 8 अंशांत ठेवायचं, म्हणजे थर्मासात बर्फ घालून आणायचं. टोचलं की हुडहुडी भरायची, ताप चढायचा, अंग मोडून यायचं. सावरेपर्यंत पुढच्या इंजेक्शनाचा वार यायचा. रिबाव्हिरिनने हिमोग्लोबिन उतरायचं, इंटरफेरॉनने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी व्हायच्या. केस गळायचे, थायरॉइड बिघडायचं, आणि मन इतकं खचायचं की घरच्यांना नजर ठेवावी लागायची. खर्च लाखांत. ज्याच्या पोटात पाणी झालंय, लिव्हर पार थकलंय, अशाला तर हे औषध देताच येत नसे. ज्याला सर्वांत जास्त गरज, त्यालाच दार बंद. कोर्स अर्धवट सुटला तर रुग्णाला दोष देणं अन्यायाचं होतं.

वाट बदलली 1999 मध्ये. जर्मनीत राल्फ बार्टेनश्लागर आणि सहकाऱ्यांनी विषाणूचा जनुकसंच प्रयोगशाळेतल्या पेशींत वाढवून दाखवला. आता औषधं थेट विषाणूवर तपासता येऊ लागली. फार्मासेट या छोट्या कंपनीत मायकेल सोफिया यांच्या चमूने घडवलेला रेणू पुढे सोफोस्बुव्हिर म्हणून ओळखला गेला. सोफियांचं नाव त्यातच आहे.

त्याचं काम बारामतीकराला उसाच्या ट्रॅक्टरवरून लगेच समजेल. ट्रॉलीमागे ट्रॉली जोडत जावी तसा विषाणू एकेक घटक जोडत आपली आरएनए साखळी वाढवतो. सोफोस्बुव्हिर म्हणजे मागचा हुक निकामी असलेली ट्रॉली. ती जोडली जाते, पण तिच्यामागे पुढची लागत नाही, आणि विषाणूची नक्कल तिथेच अडकते. हा रेणू वेष्टनात गुंडाळून पाठवलेला असतो. ते वेष्टन मुख्यतः यकृताच्या पेशीत उतरतं, म्हणून औषध हवं तिथेच जास्त साठतं.

डिसेंबर 2013 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. तोवर फार्मासेट गिलियड कंपनीने विकत घेतली होती, आणि किंमत लागली एका गोळीला 1,000 डॉलर. 84 गोळ्यांचे 84,000 डॉलर! सप्टेंबर 2014 मध्ये गिलियडने सात भारतीय कंपन्यांना परवाने दिले, त्यात मुंबईची सिप्ला होती. जानेवारी 2015 मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला; मे 2016 मध्ये पेटंट मिळालं. पण त्याआधीच, मार्च 2015 पासून भारतीय बाटल्या दुकानांत येऊ लागल्या होत्या. नॅटको कंपनीच्या 28 गोळ्यांची सुरुवातीची किंमत 19,900 रुपये होती, आणि स्पर्धेने ती आणखी उतरली.

आपल्याकडे एक अडचण उरलीच होती. भारतात जनुकप्रकार 3 सर्वाधिक, आणि त्यासाठी सोफोस्बुव्हिरसोबत रिबाव्हिरिन 24 आठवडे घ्यावं लागे. डिसेंबर 2015 मध्ये डाक्लाटास्व्हिर भारतात आलं तेव्हा बहुतेकांचा कोर्स बारा आठवड्यांवर आला. मागोमाग वेल्पाटास्व्हिर आलं आणि सिरोसिसच्या रुग्णांचीही सोय झाली. 28 जुलै 2018 रोजी राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि निदान व औषध सरकारी केंद्रांत मोफत झालं.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांना 1999 मध्ये पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या संसर्गाचं प्रमाण नगण्य आढळलं होतं. त्यामुळे घरोघरी घबराट नको. पण ज्यांनी रक्तपेढ्यांत चाचणी सक्तीची होण्याआधी रक्त घेतलं, जे डायलिसिसवर आहेत, ज्यांना एकाच सुईने अनेकांना टोचणाऱ्याकडून इंजेक्शनं मिळाली, त्यांनी अँटी-एचसीव्ही चाचणी जरूर करावी. हा विषाणू वर्षानुवर्षं मुकाट राहतो. डोळे पिवळे होण्याची वाट पाहिली, काविळीची माळ घालून बसलं, तर यकृत हातचं जातं. चाचणी पॉझिटिव्ह आली तर आरएनए तपासणीनेच संसर्ग आजही आहे का ते कळतं. औषध सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी तपासायला हवा, कारण तो दबलेला असेल तर उसळू शकतो. टीबीसाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगायला हवं. कोर्स संपल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा आरएनए तपासायचा. तो सापडला नाही तर रुग्ण बरा झाला.

पूर्वी हा उपचार मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाशिवाय होतच नसे. 2019 पासून बारामतीतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि साध्या रुग्णाला पेलेल असं औषधही आहे. उरलं आहे ते रुग्ण शोधणं. तालुक्याच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात ही चाचणी मागताच मिळावी, आणि लोकांनी ती न लाजता मागावी.