गतीचे नियम आणि माशांचें पुस्तक

गतीचे तीन नियम न्यूटनचे, हें शाळकरी पोरही सांगेल. पण ते कोणाच्या पदरच्या पैशानें छापले गेले, हें कोणी फारसें विचारीत नाहीं. १६८४ च्या ऑगस्टांत एडमंड हॅली केंब्रिजला न्यूटनकडे गेला. सूर्याचें आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत असेल, तर ग्रहाचा मार्ग कोणता? ‘दीर्घवर्तुळ’, न्यूटन तात्काळ उत्तरला. मात्र गणिताचा कागद कांहीं सांपडेना! नोव्हेंबरांत त्यानें नवें टिपण पाठविलें. त्यांत क्रिया-प्रतिक्रियेचा नियम अद्याप नव्हता. तेंच टिपण वाढत जाऊन ‘प्रिन्सिपिया’ झालें, तेव्हां तिन्ही नियम ग्रंथारंभीं येऊन बसले.

इकडे रॉयल सोसायटीची तिजोरी माशांवरील एका खर्चिक पुस्तकानें रिती झालेली. छपाईचा भार हॅलीनें स्वतः उचलला. त्यांतच व्यस्त वर्गाच्या नियमावर हूकनें हक्क सांगितला, आणि संतापलेल्या न्यूटननें ग्रंथाचा तिसरा भाग दडपून टाकण्याची भाषा केली. त्याची समजूत घालणें हें, आमच्या मतें, पैसे घालण्याहून अवघड काम. तेंही हॅलीनेंच केलें. १६८७ च्या जुलैंत ग्रंथ बाहेर पडला. त्याच महिन्यांत सोसायटीनें हॅलीला, द्यावयाच्या पन्नास पौंडांऐवजीं, माशांच्या पुस्तकाच्या पन्नास प्रती देऊं केल्या!