बटणांखालचा उजेड

2000 साली आलेल्या आयबीएमच्या थिंकपॅड टी20 लॅपटॉपमध्ये स्क्रीनच्या वरच्या पट्टीत एक इवलासा एलईडी दिवा होता. ‘एफएन’ आणि ‘पेज अप’ ही बटणे एकदम दाबली की तो लागे आणि उजेड खाली कीबोर्डवर पडे. एक बटण खालच्या डाव्या कोपऱ्यात, दुसरे वरच्या उजव्या. त्यामुळे मिट्ट अंधारातही दोन्ही नुसत्या चाचपण्याने सापडत. ‘थिंकलाइट’ नावाच्या या दिव्याच्या उजेडात शेजारी ठेवलेला कागदही वाचता येई. विमानात नाहीतर झोपलेल्या घरात काम करणाऱ्याची गरज ओळखून केलेली ती सोय होती. खेळाशी तिचा काही संबंध नव्हता.

जानेवारी 2003 मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी 17 इंची पॉवरबुक जी4 लोकांसमोर आणला, तेव्हा हा उजेड बटणांच्या खाली गेला. ऑप्टिकल फायबरमधून आलेला प्रकाश अक्षरांतून वर फाके आणि खोलीतला उजेड मोजणारे सेन्सर तो आपोआप कमी-जास्त करत. लोकांना या सोयीची सवय लागलीच. 2010 च्या मॅकबुक एअरमधून ॲपलने हा उजेड काढून टाकला, पण पुढच्याच वर्षी तो परत द्यावा लागला.

असे बटण बनते कसे, हेही पाहण्याजोगे आहे. आधी प्रकाश आरपार जाऊ देणाऱ्या प्लास्टिकचे बटण ओततात, त्यावर काळा रंग चढवतात आणि अक्षराच्या आकारापुरता तो रंग लेसरने उडवतात. खाली पारदर्शक पातळ थर असतो. बाजूच्या एलईडीचा प्रकाश तो सगळीकडे पसरवतो. महागड्या कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र एलईडी असतात. रंगीत उजेडासाठी लागणारे लाल आणि हिरवे एलईडी आधीपासून होते. 1993 मध्ये जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी लख्ख निळा एलईडी साधला आणि तिन्ही रंगांच्या मिश्रणाची वाट मोकळी झाली. या निळ्या एलईडीसाठी नाकामुरा यांच्यासह अकासाकी आणि अमानो या संशोधकांना 2014 चे नोबेल मिळाले.

खेळाडूंची बोटे मात्र उजेडाच्या आधीच बटणांवर बसली होती. 1997 मध्ये ‘क्वेक’ या संगणक-खेळाच्या स्पर्धेत ‘थ्रेश’ या नावाने खेळणाऱ्या डेनिस फाँगने या खेळाच्या निर्मात्यांपैकी एक, जॉन कारमॅक यांची फेरारी जिंकली. त्याच्यासारख्यांमुळे डावा हात डब्ल्यू, ए, एस, डी या चार बटणांवर ठेवण्याची रीत पसरली. 2009 च्या एलियनवेअर एम17एक्सने कीबोर्डच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे रंग दिले. 2016 च्या रेझर ब्लेड स्टेल्थमध्ये तर प्रत्येक बटणाला 1.68 कोटी रंगांतून हवा तो निवडता येऊ लागला. कामाची सोय आता खेळाची शान झाली.

‘आपल्या लॅपटॉपला असा कीबोर्ड बसवून घ्यावा का?’ हा प्रश्न याच सुमारास पडू लागला, आणि सुरुवातीला त्याचे उत्तर सोपे होते. 2011 चा डेल एक्सपीएस 15 किंवा 2012 चा थिंकपॅड टी430 घेताना उजेडाचा कीबोर्ड ऐच्छिक असे. जुना कीबोर्ड मोजके स्क्रू काढले की सुटे. त्यामुळे साधा घेतलेल्यांनी नंतर नुसता कीबोर्ड मागवून घरच्या घरी बदलला.

मग लॅपटॉप सडपातळ झाले. आता पुष्कळ मॉडेलांत कीबोर्ड आतून, वितळवून चपटे केलेल्या प्लास्टिकच्या खुंट्यांनी पामरेस्टला, म्हणजे तळहात टेकायच्या भागाला, जोडलेला असतो. तो बदलायचा तर बॅटरी, पंखे, मदरबोर्ड असे सगळे उतरवून खुंट्या तोडाव्या लागतात, नाहीतर अख्खे पामरेस्टच घ्यावे लागते. शिवाय उजेडासाठी बहुधा वेगळी बारीक रिबन केबल असते. साध्या मॉडेलच्या मदरबोर्डवर तिचे सॉकेट कंपनीने बसवलेलेच नसेल, तर नवा कीबोर्ड टाईप करील, पण उजळणार नाही. म्हणूनच दुरुस्तीवाल्याला आधी ते सॉकेट डोळ्यांनी पाहायला सांगावे आणि मगच पैसे मोजावेत.

फायदाही नीट तोलायला हवा. चार बटणांवर मुरलेल्या बोटांना दिवा लागत नाही. अंधारात अडते ते वरच्या आकड्यांशी आणि एफ-रांगेशी, आणि तिथे साधा पांढरा उजेड पुरतो. मराठी टायपिंगसाठी देवनागरी स्टिकर लावणाऱ्यांना तर वेगळीच अडचण येते: अपारदर्शक स्टिकर खालचा प्रकाश अडवतो आणि नेमके मराठी अक्षरच अंधारात राहते. त्यांनी पारदर्शक स्टिकर शोधावेत.

सॉकेट आहे, कीबोर्ड स्क्रूवर सुटतो आणि रात्री खेळणे नेहमीचे आहे, तर हा खर्च सार्थकी लागतो. खुंट्या वितळवलेल्या लॅपटॉपमध्ये तेच पैसे रॅम किंवा एसएसडीला द्यावेत. टेबलावर यूएसबीचा छोटा दिवा ठेवला की थिंकलाइटचे काम भागते.