एका फुटाची तीन उत्तरे

जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश आजच्या उपग्रहाधारित पद्धतीत बदलून घ्यायचे, तर हल्ली ते काम संगणकच करतो. त्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘प्रोज’ या मुक्त सॉफ्टवेअरची सुरुवात १९८० च्या दशकात अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील जेराल्ड इव्हेंडेन यांनी केली. पृथ्वीच्या गणिती आकारांची, म्हणजे गोलाभांची, एक यादी त्यात आहे. तीत एव्हरेस्ट हे नाव पाच वेळा येते आणि पाचही वेळा त्रिज्या वेगळी. ही चूक समजायची की इतिहास, असा प्रश्न मला पडला.

विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजली आणि त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे नेली. नागपूरच्या वाटेवर असताना १८२३ मध्ये हिंगणघाटला त्यांचे निधन झाले. पुढची धुरा जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आली. १८३० च्या त्यांच्या गोलाभाची विषुववृत्तीय त्रिज्या २,०९,२२,९३१.८० फूट आहे. फुटांतला हा आकडा तसाच राहिला. बदलत गेला तो फूट.

भारतीय फूट म्हणजे किती मीटर? १९३७ च्या व्याख्येत ०.३०४७९८४१, १९६२ च्या व्याख्येत ०.३०४७९९६ आणि १९७५ च्या व्याख्येत ०.३०४७९९५. म्हणून त्रिज्या अनुक्रमे ६३,७७,२७६.३४५, ६३,७७,३०१.२४३ आणि ६३,७७,२९९.१५१ मीटर झाली. पाकिस्तानने १९६२ चा गुणक घेतला, भारताने १९७५ चा. मलेशियाच्या सर्वेक्षणांतून आणखी निराळे आकडे आले. प्रोजच्या यादीत ‘एव्हरेस्ट १८३०’ या नावापुढे मात्र १९३७ च्या गुणकाने आलेला आकडा आहे.

पहिल्या आणि तिसऱ्या त्रिज्येत सुमारे २३ मीटरचा फरक पडतो. विषुववृत्तापासून २० अंश उत्तरेपर्यंतचे अंतर सुमारे २,२१२ किलोमीटर. तेवढ्यात हा फरक जवळजवळ आठ मीटर होतो. शेताची हद्द किंवा विहीर शेजाऱ्याच्या बाजूला जायला एवढे पुरेसे आहे.

आता समजा, एखाद्या प्रामाणिक प्रोग्रामरला यादीतला आकडा चुकीचा वाटला आणि त्याने तो ‘दुरुस्त’ केला. अशा वेळी कामाला येते ती रिग्रेशन टेस्ट. ठरलेला बिंदू द्यायचा, ठरलेले उत्तर यावे. नाही आले तर घंटा वाजते. प्रोजच्या २०१८ च्या पाचव्या आवृत्तीपासून अशा चाचण्यांसाठी स्वतंत्र साधन आहे. त्यात क्रिया, बिंदू, अपेक्षित उत्तर आणि चालेल एवढा फरक लिहायचा असतो. हा शेवटचा आकडा कुणी दहा मीटर ठेवला, तर वरचे आठ मीटर गुपचूप निसटून जातील.

मात्र घंटा वाजल्यावर चूक कुणाची, हे चाचणी सांगत नाही. काल आलेले उत्तरच आज ‘अपेक्षित’ म्हणून नोंदवले असेल, तर ती फक्त कालची री ओढते. दर आवृत्तीला नोंदी बदलतात आणि अपेक्षित आकडेही बदलावे लागतात. चाचणी हिरवी व्हावी म्हणून आकडा बदलणे सोपे असते. तो का बदलला हे लिहून ठेवणारा विरळा.

ही अडचण एव्हरेस्टच्या माणसांना ठाऊक होती. साखळी बरोबर आहे का, हे साखळीतल्या गणिताला विचारून कळत नाही. म्हणून १८४१ मध्ये बीदरजवळ त्यांनी पायारेषा प्रत्यक्ष पट्ट्यांनी मोजली आणि त्रिकोणांतून निघालेल्या लांबीशी ताडून पाहिली. काही मैलांच्या रेषेत फरक काही इंचांचाच निघाला. बाहेरून घेतलेली ही पडताळणी होती, म्हणूनच तिला अर्थ होता. तेलकंपन्यांच्या सर्वेक्षकांनी उभारलेल्या ईपीएसजी नोंदवहीबरोबरची सोडवून दाखवलेली उदाहरणे आज तेच काम करतात.

माझे म्हणणे एवढेच, की चाचणीतल्या प्रत्येक आकड्याशेजारी त्याचे कूळ लिहिलेले असावे: कोणता गोलाभ, कोणत्या सालचा फूट, कुणाचे मोजमाप. एव्हरेस्टच्या पाच नोंदी पुसून एक करणे ही दुरुस्ती नव्हे. तो नोंदीचा नाश आहे. १९३७ च्या फुटावर काढलेले नकाशे अजून कपाटांत आहेत, आणि त्यांना त्यांचेच उत्तर लागते.