शाळूची भाकरी, ताक आणि पोटातली वस्ती

आजची गोष्ट आपल्या पोटात राहणाऱ्या जिवाणूंची.

सुरुवात पॅरिसपासून. तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एली मेचनिकॉव्हला १९०८ चं नोबेल मिळालं, रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी. पण त्याने गाजवला दुसराच विचार: बल्गेरियातले शेतकरी आंबट दही खातात, म्हणून खूप जगतात. ते काही सिद्ध झालं नाही. आतड्यातल्या जिवाणूंवर तब्येत अवलंबून असते, ही चर्चा मात्र जगभर पोचली.

मग १९२० च्या दशकात तमिळनाडूतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅक्कॅरिसनने उंदरांना भारतातल्या वेगवेगळ्या लोकांचं जेवण दिलं. वाढीत शीख आणि पठाणी आहारानंतर तिसरा नंबर कुणाचा? मराठा आहाराचा! तो प्रयोग पोषणाचा होता, जिवाणूंचा नव्हे. जिवाणूंचा धागा नंतर जुळला.

आता साताऱ्याचं माण आणि सांगलीचं जत बघा. दुष्काळी पट्टा, रब्बीचा शाळू. ताटात भाकरी, हुलग्याचं माडगं, ताक. भाकरी-हुलग्यातले तंतू, म्हणजे फायबर, आपल्याला पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशींना ऊर्जा मिळते ती मुख्यतः त्यातूनच. ताकातले जिवाणू मात्र पाहुणे, बहुतेक मुक्कामाला राहत नाहीत. म्हणून ताक रोज लागतं.

गरिबाचं जेवण म्हणून आपण भाकरी मागे सारली आणि मैद्याची पाकिटं आणली. आपलं पोट भरतं हो, पण आतली वस्ती उपाशी राहते. महागडी कॅप्सूल मागवण्याआधी घरात शाळू आहे का, तेवढं बघा!