कोर्ट सकाळी उघडणार होतं

४ सप्टेंबर १९९५, संध्याकाळ

कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात, ह्यूरन सरोवराच्या काठावर इपरवॉश नावाचं सरकारी उद्यान होतं. सप्टेंबरचा पहिला सोमवार म्हणजे तिकडच्या कामगार दिनाची सुट्टी. त्या दिवशी उन्हाळी हंगाम संपतो, तंबू उतरतात, पर्यटक घरी जातात. त्या संध्याकाळी उद्यान रिकामं झाल्यावर स्टोनी पॉइंटचे तीसेक आदिवासी स्त्रीपुरुष आत शिरले आणि त्यांनी ताबा घेतला. या जागेत आमच्या पूर्वजांची दफनभूमी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांच्यात अडतीस वर्षांचा डडली जॉर्ज होता. त्याच्या आयुष्याचे दोन दिवस आणि काही तास उरले होते.

ही घडी समजायची तर मागे जावं लागतं. १९२८ साली स्टोनी पॉइंटचा किनाऱ्याचा पट्टा सरकारदरबारी 'स्वेच्छेने' विकला गेला आणि १९३६ साली त्याच्यावर हे उद्यान उभं राहिलं. पुढच्याच वर्षी तिथल्या प्रमुखांनी आणि कौन्सिलने सरकारला कळवलं, की उद्यानात आमची दफनभूमी आहे, तिला कुंपण घाला. कुंपण पडलं नाही. १९४२ साली महायुद्धाचं कारण सांगून संरक्षण खात्याने युद्धकाळातल्या खास कायद्याखाली उरलेली २,२४० एकर जमीनही घेतली. मोबदला ५०,००० डॉलर. लोकांनी आधीच मतदान करून नकार दिला होता. तरीही त्यांना शेजारच्या केटल पॉइंटला हलवलं आणि युद्ध संपल्यावर जमीन परत करू, असं सांगितलं. युद्ध १९४५ साली संपलं. जमिनीवर लष्कराची छावणी राहिली, नातवंडं मोठी झाली, अर्ज होत राहिले. १९९३ च्या मे महिन्यात काही कुटुंबं छावणीच्या आवारात येऊन राहिली, जुलै १९९५ मध्ये त्यांनी बराकींचा ताबा घेतला, आणि सप्टेंबरात कुंपणापलीकडच्या उद्यानाचा.

६ सप्टेंबर, सकाळ

उद्यानाबाहेर वाळूचा एक वाहनतळ होता. आंदोलकांनी तिथे सहलीची लाकडी टेबलं आणून अडथळा केला होता. पोलिसांनी सकाळी ती उचलून नेली. एवढीच त्या सकाळची घडामोड.

उद्यान हंगामासाठी बंद झालेलं. आत एकही पर्यटक नाही, कोणी ओलीस नाही, कशाची आग लागलेली नाही. घटनास्थळाचे प्रमुख अधिकारी जॉन कार्सन यांच्या योजनेत घेराव घालायचा, वाट पाहायची, बोलणी करायची आणि कोर्टाचा मनाई हुकूम मिळवायचा, असा क्रम होता. हुकुमाच्या अर्जाची सुनावणी दुसऱ्या दिवशी सकाळी सार्निया शहरात ठेवली होती.

मध्यान्हीच्या सुमारास

टोरांटोत, विधानभवनात, मुख्यमंत्री माइक हॅरिस यांच्या भोजनकक्षात छोटी बैठक झाली. हॅरिस जूनमध्येच सत्तेवर आले होते. तेव्हाचे महाधिवक्ता चार्ल्स हार्निक यांनी पुढे चौकशी आयोगासमोर शपथेवर सांगितलं, की त्या दालनात हॅरिस मोठ्याने, शिवी घालून म्हणाले, हे इंडियन मला उद्यानाबाहेर हवेत. हॅरिस यांनी ते नाकारलं. आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती सिडनी लिंडन यांनी हार्निक यांच्यावर विश्वास ठेवला.

मुख्यमंत्र्यांनी पोलिसांना थेट हुकूम दिला नव्हता, असंही लिंडन यांनी नोंदवलं आहे, आणि ते सांगायलाच हवं. पण त्या बैठकीत सरकारकडे नेमलेला एक पोलीस अधिकारी हजर होता. दुपारी त्याने कार्सनना फोन करून मुख्यमंत्री किती तापलेत ते कळवलं. हा फोन ध्वनिमुद्रित झाला. ज्याच्या हाताखाली बंदुका आहेत त्याच्या कानावर सत्ताधाऱ्याचा राग पोचवण्याचं काहीही कारण नव्हतं. लेखी आदेश नसला तरी वरून काय हवं आहे ते खालच्याला कळतं. आपल्याकडच्या कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

रात्री आठच्या आगेमागे

केटल पॉइंटचा एक कौन्सिलर आपल्या बहिणीच्या गाडीतून वाहनतळाजवळ आला. आंदोलकांवर टीका करणारं त्याचं पत्र स्थानिक वृत्तपत्रात आलं होतं. बाचाबाची झाली, एकाने दगड फेकला, गाडीला पोचा पडला. कौन्सिलरने नाक्यावरच्या पोलिसांकडे तक्रार केली.

नियंत्रण कक्षापर्यंत जाता जाता ही तक्रार वाढत गेली. दगडाच्या जागी बेसबॉलच्या बॅटी आल्या, एकट्याच्या जागी टोळकं आलं, कौन्सिलरच्या जागी वाटेने जाणारी एक सामान्य बाई आली. आत बंदुका असल्याचं त्याच कौन्सिलरने सांगितलं होतं. तेही शहानिशा न करता पुढे गेलं. तक्रारदार स्वतः हजर होता. त्याला पुन्हा एकदा नीट विचारायला पाच मिनिटं लागली असती. मला या साऱ्या घटनाक्रमात ही पाच मिनिटं सर्वांत जास्त सलतात.

कार्सन त्या वेळी ओळखीच्या घरी जेवायला गेले होते. कक्षात असलेल्या अधिकाऱ्याने सशस्त्र विशेष पथकाला बोलावणं धाडलं. कार्सन परतले, आणि वाट पाहायची योजना बाजूला पडली. जमावाला हटवणारं पथक अंधारातच पाठवायचं ठरलं.

साडेदहाच्या सुमारास

हेल्मेट, ढाली, लाठ्या घेतलेले सुमारे चाळीस पोलीस रस्त्यावरून रांगेने निघाले. त्यांना पाठबळ म्हणून रायफली घेतलेले विशेष पथकाचे जवान. फक्त वाहनतळ रिकामा करायचा, उद्यानात पाऊल टाकायचं नाही, असा आदेश होता. हा आदेश आतल्या लोकांना कोणीही सांगितला नाही. भोंगा नाही, मध्यस्थ नाही. आतल्यांना दिसली ती अंधारातून चालून येणारी फौज, आणि त्यांनी जो अर्थ लावला तो कोणीही लावला असता.

अकराच्या सुमारास

पोलीस पुढे आले, आंदोलक कुंपणाच्या आत गेले. इथे थांबता आलं असतं. तेवढ्यात सेसिल बर्नार्ड जॉर्ज हा केटल पॉइंटचा दुसरा एक कौन्सिलर हातात लोखंडी दांडा घेऊन एकटा बाहेर आला. पोलिसांनी त्याला खाली पाडून बेदम मारलं. त्याला सोडवायला आतून लोक धावले. एक सोळा वर्षांचा मुलगा शाळेची जुनी बस घेऊन बाहेर आला, तिच्या मागोमाग एक गाडी. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. विशेष पथकातला अॅक्टिंग सार्जंट केनेथ डीन याने डडली जॉर्जवर नेम धरला.

आंदोलकांपैकी कोणी गोळी झाडल्याचा पुरावा पुढे कधीही मिळाला नाही.

मध्यरात्र

रुग्णवाहिका त्या भागात उभ्या होत्या. डडलीला मात्र त्याच्या भावाने आणि बहिणीने स्वतःच्या गाडीतून नेलं. वाटेत चाक बसलं. एका शेतघरापाशी थांबून त्यांनी मदत मागितली, ती येईना, तेव्हा तशाच चाकावर पुढे निघाले. स्ट्रॅथ्रॉयच्या रुग्णालयाच्या दारात पोलीस त्यांचीच वाट पाहत होते. दोघांना खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपाखाली अटक झाली. सख्खा भाऊ आत शेवटचे श्वास घेत असताना त्यांना त्याच्याजवळ जाऊ दिलं नाही. १२ वाजून २० मिनिटांनी डॉक्टरांनी मृत्यू जाहीर केला. भावाबहिणीला दुसऱ्या दिवशी सोडून देण्यात आलं.

७ सप्टेंबर, सकाळ

सार्नियाच्या कोर्टात सरकारी वकील ठरल्याप्रमाणे मनाई हुकुमासाठी उभे राहिले.

पुढच्याच आठवड्यात ओटावात दफनभूमीबद्दलची १९३७ ची पत्रं समोर आली. ती केंद्र सरकारच्याच दप्तरात होती.

२८ एप्रिल १९९७

डीनवर मनुष्यवधाच्या शेजारचा गुन्हा लावला होता: गुन्हेगारी स्वरूपाच्या निष्काळजीपणातून मृत्यू. कॅनडात याला कमाल शिक्षा जन्मठेपेची. डडलीच्या हातात रायफल पाहिली, असा डीनचा बचाव होता. न्यायाधीश ह्यू फ्रेझर यांनी तो फेटाळला. डडलीकडे कोणतंही शस्त्र नव्हतं आणि गोळी झाडताना डीनला हे ठाऊक होतं, असं त्यांनी निकालात लिहिलं. निःशस्त्र माणसाला मारल्याचं झाकण्यासाठी रायफलची गोष्ट मागाहून रचली गेली, हेही लिहिलं.

जुलै १९९७

शिक्षा झाली दोन वर्षांना एक दिवस कमी. हा एक दिवस कायद्याच्या भाषेत फार मोलाचा. दोन वर्षांहून कमी शिक्षा असेल तर ती तुरुंगाबाहेर, अटींवर भोगता येते, अशी तरतूद आदल्याच वर्षी अमलात आली होती. डीनला कोठडी पाहावी लागली नाही. त्याने १८० तास समाजसेवा करायची होती.

गोळीबाराच्या रात्री बसमागून जी गाडी बाहेर आली होती, तिची धडक काही पोलिसांना बसली होती. ती चालवणाऱ्या आंदोलकालाही निष्काळजीपणाच्याच कलमाखाली दोषी धरण्यात आलं. त्याला सहा महिन्यांची कैद झाली.

निकालपत्रात 'तो खोटं बोलला, त्याला माहीत होतं' असं स्वच्छ लिहायचं आणि शिक्षेच्या पानावर हात आखडायचा, हे मला आजही पटत नाही. पोलिसाला तुरुंगात धोका असतो, त्याची नोकरी जाते, ही कारणं मला मान्य आहेत. पण ती ज्या तराजूत घातली त्याच तराजूत गाडीवाल्या तरुणाची नोकरी, त्याचं घर, त्याची ५३ वर्षं अडकलेली जमीन घातली गेली होती का? डीनचं अपील प्रांताच्या न्यायालयात टिकलं नाही, २००१ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयातही नाही. त्यानंतर त्याला पोलीस दल सोडावं लागलं.

डडलीचा भाऊ सॅम जॉर्ज याला शिक्षेचे आकडे पुरेसे वाटले नाहीत. पोलीस त्या रात्री का निघाले, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. सरकारविरुद्धचा दिवाणी दावा त्याने वर्षानुवर्षं रेटला, आणि सरकार बदलल्यावर चौकशी आयोग नेमला गेला. डीन त्याच्यासमोर साक्ष द्यायच्या आधीच, फेब्रुवारी २००६ मध्ये, रस्त्यावरच्या अपघातात गेला. आयोगाचा अहवाल ३१ मे २००७ रोजी आला. त्या रात्री घाई करण्याजोगं काहीच नव्हतं, हे त्यात पानापानांतून उलगडतं. मे २००९ मध्ये उद्यान परत देण्याच्या करारावर सह्या झाल्या. छावणीच्या जमिनीचा करार व्हायला २०१६ साल उजाडलं. त्यात ९ कोटी ५० लाख डॉलर होते, आणि जमीन लोकांच्या हाती पडण्याआधी तिच्यात रुतलेला लष्कराचा जुना दारूगोळा वेचून काढायचा होता.